कॉरिडॉरचा हिशेब फाट्यांवर आणि कुंपणांवर

९ सप्टेंबर २०२३ रोजी दिल्लीच्या जी-२० परिषदेत भारत-मध्यपूर्व-युरोप कॉरिडॉरची, म्हणजे देशादेशांना जोडणाऱ्या रेल्वे-जहाज मार्गाची घोषणा झाली. डिसेंबर २०२४ मध्ये चीन-किरगिझस्तान-उझबेकिस्तान रेल्वेच्या कामाला सुरुवात झाली. जुलै २०२५ मध्ये चीन आणि ब्राझीलने अटलांटिक ते पॅसिफिक अशा रेल्वेचा अभ्यास करण्यासाठी करार केला; तिचं पॅसिफिककडचं टोक पेरूतल्या चान्काय बंदराशी जोडण्याचा विचार आहे. अशी प्रत्येक घोषणा झाली की पर्यावरणाचा वाद ठरलेल्या दोन चाकोऱ्यांतून सुरू होतो. एक बाजू झाडं मोजते: मार्गाखाली किती हेक्टर जंगल जाणार, किती झाडं पडणार, त्याबदल्यात किती लावणार. दुसरी बाजू कार्बन मोजते: ट्रकचा माल रेल्वेवर आला की टनामागे उत्सर्जन किती घटणार. दोघांचेही आकडे बरोबर असू शकतात, तरी वाद जिथे व्हायला हवा तिथे तो पोचतच नाही.

कॉरिडॉरची मोठी हानी त्याच्या पट्ट्याखालच्या जमिनीत होत नाही. ती होते जिथे माणसाला आणि मालाला मार्गावरून उतरता येतं तिथे, आणि जिथे जनावराला आणि पाण्याला मार्ग ओलांडता येत नाही तिथे. म्हणजे फाट्यांवर आणि कुंपणांवर. फाटे किती, स्थानकं कुठे, भराव किती उंच, कुंपण कसलं, टोल कुणाला किती, या गोष्टी आखणी आणि करार करतानाच ठरून जातात. पर्यावरण अहवाल त्यानंतर येतो, तोही देशागणिक आणि टप्प्यागणिक तुकड्यातुकड्यांत. म्हणून कॉरिडॉर हवा की नको यावर घसा कोरडा करण्यापेक्षा त्याच्या करारात काय लिहिलंय यावर भांडण व्हायला हवं, असं मी म्हणतो.

याचा सर्वात स्पष्ट पुरावा पेरूत आहे. ब्राझीलला पॅसिफिकशी जोडणाऱ्या दक्षिण आंतरमहासागरी महामार्गाचा पेरूतला भाग २००५ नंतर बांधला गेला आणि २०११ मध्ये पुएर्तो माल्दोनादो इथे माद्रे दे दिओस नदीवरचा ७२२ मीटर लांबीचा पूल खुला झाला. ब्राझीलचं सोयाबीन आणि मांस या रस्त्याने पॅसिफिकच्या बंदरांवर येईल आणि तिथून आशियात जाईल, हा मूळ युक्तिवाद होता. पण हा रस्ता अँडीज पर्वतात ४,७०० मीटरच्याही वर चढतो. सोयाबीनसारखा वजनाला जड आणि किमतीला हलका माल ट्रकमध्ये घालून एवढी चढण चढवणं व्यापाऱ्याला परवडत नाही. त्यामुळे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची वाहतूक आलीच नाही. जे आलं ते अधेमधे आलं. पूर्वी पावसाळ्यात डोंगरावरच्या कुस्कोहून जंगलातल्या पुएर्तो माल्दोनादोला पोचायला ट्रकला कित्येक दिवस चिखलात काढावे लागत. तेच अंतर आता दहा-बारा तासांवर आलं. डिझेलची पिंपं, पंप, इंजिनं, रबरी नळ्या आणि पारा हे सगळं जंगलाच्या मध्यावर सहज उतरवता येऊ लागलं. महामार्गाला लागून, ताम्बोपाता राखीव जंगलाच्या संरक्षक पट्ट्यात, ला पाम्पा नावाची बेकायदा सोन्याची वसाहत उभी राहिली.

हे सोनं खडकात नसतं, नदीच्या जुन्या गाळात कणाकणाने विखुरलेलं असतं. झाडं पाडून, जाळून जमीन उघडी करतात, डिझेल पंपाने पाण्याचा जोरदार फवारा मारून माती ढासळवतात, तो गाळ उतरत्या पन्हाळीत अंथरलेल्या जाजमावरून सोडतात. जड कण जाजमात अडकतात. ते पिंपात पाऱ्याबरोबर मळले की सोनं पाऱ्याला चिकटतं. मग गोळा तापवून पारा उडवतात. उरलेला पारा नदीत आणि हवेतला पारा पुन्हा पाण्यात, तिथून माशांत, माशांतून माणसांत. मागे उरतात पाण्याने भरलेले खड्डे आणि पोषक माती धुऊन गेलेली रेती, जिच्यावर जंगल आपसूक परत येत नाही. १९८० च्या दशकापासून २०१७ पर्यंत माद्रे दे दिओस प्रांतात सोन्यापायी सुमारे १ लाख हेक्टर जंगल गेलं. मे २०१६ मध्ये पाऱ्याच्या प्रदूषणामुळे सरकारला या प्रांतात आणीबाणी पुकारावी लागली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ला पाम्पा रिकामं करायला पोलीस आणि लष्कर उतरवावं लागलं.

आता झाडं मोजणाऱ्यांचा हिशेब इथे लावून पाहा. ३० मीटर रुंदीच्या रस्त्याखाली दर किलोमीटरला ३ हेक्टर जमीन जाते. ब्राझीलच्या ॲमेझॉनचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की जवळपास ९५ टक्के जंगलतोड रस्त्यापासून साडेपाच किलोमीटरच्या किंवा नदीपासून एक किलोमीटरच्या आत झालेली आहे, आणि दर किलोमीटर अधिकृत रस्त्यामागे जवळपास तीन किलोमीटर अनधिकृत रस्ते फुटलेले आहेत. दोन्ही बाजूंचे साडेपाच किलोमीटर धरले तर एका किलोमीटर रस्त्यामागे ११ चौरस किलोमीटर, म्हणजे १,१०० हेक्टर जंगल धोक्याच्या आत येतं. तीन हेक्टरच्या मोबदल्यात दुसरीकडे तीन हेक्टर रोपं लावून हा हिशेब कसा मिटणार?

यावर दोन जोरदार आक्षेप आहेत आणि दोन्ही मला गंभीर वाटतात. पहिला असा की दोष रस्त्याचा नसून सोन्याच्या भावाचा आहे. २००८ च्या आर्थिक संकटानंतर जगभर सोनं चढलं. रस्ता नसता तरी खाणकाम वाढलंच असतं. यात तथ्य आहे. त्याच प्रांतातल्या उएपेतुए भागात महामार्गाच्या कितीतरी आधीपासून सोनं काढलं जात होतं. पण भाव फक्त हेतू पुरवतो, जागा पुरवत नाही. सोनं असलेला गाळ कितीतरी नद्यांकाठी आहे. मग एवढी मोठी नवी वसाहत नेमकी डांबरी रस्त्याला खेटून, राखीव जंगलाच्या उंबऱ्यावर का उभी राहिली? कारण पंपाला रोज डिझेल लागतं, आणि ते ट्रकने दारात येत असेल तर दिवसाचा खर्च बराच कमी होतो. भाव वाढणार की नाही हे पेरूच्या सरकारच्या हातात नव्हतं. फाटे कुठे फुटू द्यायचे हे होतं.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. ज्यांच्या दारात शंभर-दीडशे वर्षांपासून रेल्वे आणि डांबरी सडक आहे त्यांनी पुएर्तो माल्दोनादोच्या बाईला बाळंतपणासाठी चिखलातून जा म्हणून सांगायचं का? मंगोलिया, किरगिझस्तान, युगांडा, लाओस यांना समुद्र नाही. कॉरिडॉर हा त्यांच्यासाठी चैनीचा विषय नाही. हे मी पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच ‘कॉरिडॉर नकोच’ ही भूमिका मला अन्यायाची वाटते. पण या आक्षेपातच त्याचं उत्तरही आहे. स्थानिक माणसाला हवा असतो दवाखान्यापर्यंत, बाजारापर्यंत, बारमाही टिकणारा रस्ता. तो गावांना जोडतो. निर्मनुष्य जंगलातून दोन महासागर जोडण्याची त्याला गरज नसते. आंतरमहासागरी महामार्गाच्या वेळी या दोन गरजा एकत्र करून दाखवल्या गेल्या. २००५ मध्ये पेरूच्या सरकारने सार्वजनिक गुंतवणुकीची नेहमीची छाननी या प्रकल्पाला माफ केली. खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीवर गेला. कंत्राटाच्या लाचेपायी माजी राष्ट्राध्यक्ष आलेहांद्रो तोलेदो यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये २० वर्षं ६ महिन्यांची शिक्षा झाली. ज्या छाननीत ‘ही वाहतूक खरंच येणार का’ हा प्रश्न विचारला जातो तीच टाळली गेली, तर पर्यावरणाचा प्रश्न विचारायला जागा तरी कुठे उरते?

मार्गाचा परिणाम मार्गापासून लांब होतो हे मराठी मुलखाला नवं वाटू नये. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि त्यांची नजर वऱ्हाडच्या कापसाकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे बोरघाट आणि थळघाट चढून १८६७ मध्ये नागपूरला पोचली; १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला; खामगाव आणि अमरावतीला कापसासाठी फाटे काढले गेले. वऱ्हाड ते मुंबई, मुंबई ते लिव्हरपूल हा त्या काळातला आंतरराष्ट्रीय कॉरिडॉरच होता. त्या रुळांखाली वऱ्हाडची किती जमीन गेली? नगण्य. पण रुळांच्या दोन्ही अंगांना पिकांची रचना बदलली, गुरचराईची आणि पडीक रानं नांगराखाली आली, पोटाच्या ज्वारीशेजारी विकायचा कापूस पसरत गेला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत हा सधन म्हणवला जाणारा कापसाचा मुलूखही होरपळला. त्या दुष्काळांची कारणं अनेक आहेत, सगळं रेल्वेच्या माथी मारता येत नाही. तरी त्या रेल्वेचा पर्यावरणीय परिणाम कुणी स्लिपरसाठी तोडलेल्या सागाच्या झाडांत मोजत बसला असता, तर त्याच्या हाती काहीच लागलं नसतं.

कुंपणाची गोष्ट याच्या उलट आहे आणि चर्चेत ती जवळजवळ नसतेच. ट्रान्स-मंगोलियन रेल्वे रशियाच्या सीमेवरून उलानबातार मार्गे चीनच्या सीमेपर्यंत सुमारे १,११० किलोमीटर धावते. ती १९५६ पासून पूर्ण लांबीने चालू आहे. पाळीव गुरं रुळांवर येऊ नयेत म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना काटेरी तारेचं कुंपण घातलं गेलं. हेतू चांगला, गरजही खरी: मेंढ्यांचा कळप गाडीखाली आला तर गुराख्याचं वर्षाचं उत्पन्न जातं. इथे जंगल तोडलं गेलं नाही, कारण जंगलच नव्हतं. शंभर मीटरचा पट्टा धरला तरी अख्ख्या मार्गाखाली १११ चौरस किलोमीटर गवताळ जमीन गेली. मंगोलियाचा विस्तार १५ लाख चौरस किलोमीटरहून जास्त आहे. झाडं मोजणाऱ्यांच्या वहीत या रेल्वेपुढे शून्यच पडेल.

आणि तरी या कुंपणाने गोबीचे दोन भाग केले. खुलान म्हणजे रानगाढव. कच्छच्या छोट्या रणातला घोरखर याच जातीचा. जगातले बहुसंख्य खुलान आज मंगोलियाच्या गोबीत आहेत. गोबीत पाऊस ठरलेल्या जागी पडत नाही. या वर्षी एका खोऱ्यात गवत उगवतं, पुढच्या वर्षी दोनशे किलोमीटर पलीकडे. म्हणून एकेक खुलान वर्षभरात हजारो चौरस किलोमीटर फिरतो. मंगोलियन हरणांचे लाखोंचे कळपही असेच गवतामागे जातात. कुंपण पडल्यावर रेल्वेच्या पूर्वेचा मुलूख खुलानला बंद झाला आणि तिथून तो नाहीसा झाला. कडक हिवाळ्यात, बर्फाखाली गवत गाडलं गेलं की हरणं कुंपणापर्यंत येतात आणि तारेच्या कडेकडेने चालत राहतात. काही तारांत अडकून, काही उपासमारीने मरतात. अधिवास फारसा ‘नष्ट’ झालेला नाही, फक्त तिथे पोचता येत नाही. पर्यावरण अहवालाच्या तक्त्यात या प्रकारच्या हानीला रकानाच नसतो.

यावर इलाज आहे, तो महागही नाही, पण तो प्राण्याच्या सवयीनुसार करावा लागतो. मंगोलियन हरीण सहसा उडी मारत नाही, ते तारेखालून निघतं. म्हणून खालची तार वर उचलायची आणि ती काटेरी न ठेवता गुळगुळीत ठेवायची. वरच्या दोन तारा जवळजवळ असतील तर उडी मारणाऱ्या जनावराचा मागचा पाय त्यांच्यात पिळून अडकतो, म्हणून त्यांच्यातलं अंतर वाढवायचं. खुलानला एवढ्याने भागत नाही. त्याला मोकळी फट लागते. उघड्या माळावरचं जनावर अरुंद, काळोख्या मोरीत शिरत नाही. मोरी जितकी लांब तितकी तिची रुंदी आणि उंची वाढवावी लागते, पलीकडचं आकाश दिसलं पाहिजे. फटीच्या तोंडाशी गुरांचा गोठा किंवा चहाची टपरी आली की ती फट जनावरासाठी बंदच. मंगोलियाने २०१५ मध्ये रस्ते आणि रेल्वे ओलांडण्याच्या अशा जागांसाठी राष्ट्रीय मानक काढलं. वन्यजीव अभ्यासकांनी रेल्वेशी बोलणी करून निवडक ठिकाणी कुंपण उघडलं, आणि २०२० मध्ये एक खुलान रूळ ओलांडून पूर्वेला गेल्याची नोंद झाली: ६५ वर्षांनी. इतकी दशकं जे अडलं होतं ते थोडी तार काढल्यावर सुटलं. मग ती तार पहिल्याच दिवशी विचार करून का लावता येऊ नये?

केनियातही हाच धडा आहे. मोंबासाहून निघालेली जुनी मीटरगेज रेल्वे १८९६ ते १९०१ मध्ये हिंदुस्थानातून नेलेल्या तीस हजारांहून अधिक मजुरांनी बांधली. ती त्सावोच्या रानातून जमिनीलगत, बिनकुंपणाची गेली आणि शंभर वर्षं हत्ती ती ओलांडत राहिले. २०१७ मध्ये तिच्या शेजारून नवी स्टँडर्ड गेज रेल्वे आली ती उंच भरावावरून, कुंपण घेऊन. वेगवान गाडीला सरळ आणि सपाट मार्ग लागतो, म्हणून भराव उंच होतो, म्हणून हत्तीला ठरावीक भुयारांखेरीज वाट उरत नाही. युगांडापर्यंत न्यायची ही रेल्वे २०१९ मध्ये नैवाशापर्यंत पोचून थांबली. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नावाने भराव उभा राहिला, सीमा मात्र लांबच राहिली.

आता रेल्वेच्या बाजूने केला जाणारा सर्वात भक्कम युक्तिवाद. रेल्वे रस्त्यापेक्षा हिरवी आहे, म्हणून कॉरिडॉरचं भलंच म्हणायचं. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरताना रबरी टायरच्या काही पटींनी कमी घर्षण सोसतं, हे भौतिकशास्त्र आहे, त्यावर वाद नाही. मंगोलियाच्याच तावान तोलगोई खाणीचं उदाहरण घ्या. तिथला कोळसा वर्षानुवर्षं ट्रकने चीनच्या सीमेकडे जात होता. एक वाट खराब झाली की ट्रक शेजारून दुसरी पाडत, आणि काळी धूळ कुरणांवर बसे. २०१७ मध्ये सीमेवर ट्रकांची रांग शंभर किलोमीटरच्या पुढे गेली होती. २०२२ मध्ये २३३ किलोमीटरची रेल्वे झाली. हे चांगलंच झालं. पण रूळ सीमेपाशी थांबले. पलीकडचा चिनी फाटा जोडण्याचा करार व्हायला २०२५ उजाडलं. तोवर शेवटच्या टप्प्यात पुन्हा ट्रक. कॉरिडॉरचा पर्यावरणीय फायदा सर्वात दुबळ्या तुकड्याएवढाच असतो, आणि तो तुकडा बहुधा सीमेवरच असतो.

त्याहून मोठा प्रश्न असा की रेल्वे कुणाची जागा घेते? ट्रकची घेतली तर फायदा. विमानाची घेतली तर फार मोठा फायदा. पण लांब पल्ल्याचे खंडपार कॉरिडॉर बऱ्याचदा जहाजाची जागा घेऊ पाहतात. २०२४ मध्ये चीन-युरोप मार्गावर १९ हजारांहून अधिक मालगाड्यांनी वीस लाखांच्या आसपास कंटेनर नेले. म्हणजे एका गाडीत वीस फुटी मापाचे शंभरेक. एक मोठं जहाज असे वीस हजार कंटेनर नेतं, म्हणजे दोनशे गाड्यांचा माल. टनामागे दर किलोमीटरला असं जहाज डिझेल रेल्वेपेक्षाही कमी इंधन जाळतं. जमिनीवरचं अंतर समुद्रापेक्षा कमी असतं, त्यामुळे तफावत काही अंशी भरून निघते हे खरं. तरी ‘रेल्वे म्हणजे हिरवी’ हे वाक्य जहाजासमोर आपोआप टिकत नाही. भारत-मध्यपूर्व-युरोप कॉरिडॉरमध्ये कंटेनर मुंबईच्या किनाऱ्यावर जहाजात चढणार, अमिरातीत उतरणार, रेल्वेवर चढणार, इस्रायलच्या हैफा बंदरात उतरणार, पुन्हा जहाजात चढणार आणि युरोपात उतरणार. सुएझमार्गे थेट गेला तर दोन वेळा क्रेन लागते, इथे सहा वेळा. नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, जास्त इंधन जाळू लागली, तेव्हा पर्यायी मार्गाची गरज सिद्ध झाली, हे मला मान्य आहे. पण ती गरज सुरक्षेची आहे. सुरक्षेच्या नावाने मागायची ती गोष्ट सुरक्षेच्याच नावाने मागावी. तिच्यावर हिरवा शिक्का मारू नये.

रेल्वे खरोखर ट्रक हटवू शकते का? स्वित्झर्लंडने हे सर्वात प्रामाणिकपणे करून पाहिलं आहे. २० फेब्रुवारी १९९४ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी आल्प्स ओलांडणारा परदेशी माल रेल्वेवर घालायला कौल दिला. २००१ पासून प्रत्येक जड वाहनावर वजन, अंतर आणि धुराचा दर्जा या तिन्हींच्या हिशेबाने कर लागला. ४० टनी ट्रकला देश ओलांडायला सुमारे ३०० फ्रँक पडतात. या कराचा मोठा वाटा रेल्वेचे बोगदे बांधायला गेला. रात्री दहा ते पहाटे पाच ट्रकना बंदी, रविवारी बंदी. २०१६ मध्ये ५७ किलोमीटरचा गोटहार्ड बोगदा उघडला. २००० मध्ये वर्षाला १४ लाख ट्रक आल्प्स ओलांडत होते, आता ते ९ लाखांच्या आसपास आहेत आणि सुमारे ७० टक्के माल रेल्वेने जातो. शेजारच्या ऑस्ट्रियाच्या एकट्या ब्रेनर खिंडीतून वर्षाला २४-२५ लाख ट्रक जातात. डोंगर तोच, माल त्याच जातीचा. फरक दराचा आणि बंदीचा आहे.

एवढं करूनही स्वित्झर्लंडला ठरवलेलं साडेसहा लाखांचं उद्दिष्ट गाठता आलेलं नाही. का? बोगदा झाला पण जर्मनीतली ऱ्हाईन खोऱ्यातली जोडरेल्वे चौपदरी झालीच नाही. १२ ऑगस्ट २०१७ रोजी राश्टाट इथे चालू रुळांच्या जेमतेम काही मीटर खालून, जमीन गोठवून बोगदा खणत असताना वरचे रूळ खचले आणि युरोपचा हा मुख्य मालमार्ग सात आठवडे बंद पडला. पर्यायी मार्गांवर कुठे विजेच्या तारा नव्हत्या, कुठे शेजारच्या देशाची भाषा आणि सिग्नल जाणणारे चालक नव्हते. माल ट्रकवर गेला. चार मीटर उंचीचे ट्रेलर गाडीवर चढवून नेता यावेत म्हणून जुने बोगदे खोल करायला, रुंद करायला २०२० उजाडलं. म्हणजे नुसता बोगदा पुरत नाही. रस्त्यावर किंमत लावावी लागते आणि शेजाऱ्यानेही आपला वाटा वेळेत उचलावा लागतो. रेल्वे बांधली आणि रस्ता स्वस्त ठेवला, तर दोन्ही भरतात.

‘आधी होऊ द्या, पर्यावरणाचे उपाय मागून करू’ असं म्हणणाऱ्यांना रोन्दोनियाचा इतिहास दाखवायला हवा. ब्राझीलच्या या राज्यात बीआर-३६४ महामार्ग जागतिक बँकेच्या कर्जातून १९८४ मध्ये डांबरी झाला. राखीव जंगलं आणि आदिवासींच्या जमिनींच्या सीमा आखण्याच्या अटी कर्जात होत्या. डांबर वेळेत पडलं, सीमा पडल्या नाहीत. १९८५ मध्ये बँकेने पैसे थांबवले. तोवर रस्ता झालेला होता आणि त्याच्यापासून दोन्ही अंगांना निघालेले सरळ फाटे माशाच्या काट्यासारखे उपग्रहाच्या चित्रांत दिसू लागले होते. वीस वर्षांनी पेरूत तेच. महामार्गाच्या अप्रत्यक्ष परिणामांसाठी सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरचा वेगळा कार्यक्रम आखला गेला. रस्त्याच्या खर्चापुढे ती रक्कम एक टक्क्याच्या आसपास भरते. ठेकेदाराला उशिराचा दंड असतो, संरक्षणाच्या उशिराला दंड नसतो. जोवर हे असं आहे तोवर निकाल ठरलेला आहे.

म्हणून ब्राझील-पेरू रेल्वेच्या अभ्यासात मला झाडांच्या संख्येपेक्षा वेगळ्या गोष्टी पाहायच्या आहेत. जंगलातली रेल्वे रस्त्यापेक्षा खरोखर कमी घातक होऊ शकते, कारण गाडीतून कुठेही उतरता येत नाही. पण त्याला अट आहे. रेल्वे बांधताना शेजारून बांधकामाचा रस्ता काढतात, आणि तोच पुढे फाटा होतो. तो टाळायचा तर टाकलेल्या रुळांवरूनच पुढचं सामान न्यायचं आणि टोकाकडून बांधत जायचं. याने वेळ जास्त लागतो, कारण काम दोनच टोकांवर चालतं. काढावाच लागला तर काम संपल्यावर फाटकाला कुलूप लावून भागत नाही, कुलूप महिनाभरही टिकत नाही. मोऱ्या उपसून काढाव्या लागतात. मोरी गेली की पहिल्याच पावसाळ्यात रस्ता ठिकठिकाणी तुटतो. स्थानकांची यादी करारात हवी आणि ती वाढवायला ब्राझील, पेरू आणि चीन या तिन्ही पक्षांची संमती हवी. दोन्ही अंगांच्या पट्ट्यातली जमीन कुणाची, हे पहिली खडी पडण्याआधी नोंदलेलं हवं, कारण बेवारस जमिनीवरच अतिक्रमण होतं. वनरक्षकांचा वीस वर्षांचा पगार आधीच वेगळा ठेवलेला हवा. या अटी पूर्ण झाल्या तरच पुढच्या टप्प्याचा हप्ता सुटावा.

आणि अभ्यास एक हवा, अख्ख्या मार्गाचा. १९९१ च्या एस्पो कराराने युरोपने सीमेपलीकडच्या परिणामांचा एकत्र विचार करणं बंधनकारक केलं. कझाकस्तान आणि किरगिझस्तान त्यात आहेत, चीन आणि भारत नाहीत. आशियातून आणि लॅटिन अमेरिकेतून जाणारे नवे कॉरिडॉर म्हणूनच तुकड्यांत तपासले जातात, आणि प्रत्येक तुकडा एकटा पाहिला तर निरुपद्रवी दिसतो.

आपल्याकडे हा प्रश्न डहाणू तालुक्यातल्या वाढवणला आला आहे. ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं आणि भारत-मध्यपूर्व-युरोप कॉरिडॉरचं भारतातलं एक दार म्हणून त्याच्याकडे पाहिलं जातं. वाद बहुतेक समुद्रातल्या भरावाभोवती आणि मासेमारीभोवती फिरतो, आणि मच्छीमारांचा प्रश्न जगण्याचा आहे, त्यामुळे तो तसाच फिरायला हवा. पण बंदराला जोडणाऱ्या ३२ किलोमीटर रस्त्यावर आणि १२ किलोमीटर रेल्वेवर फारसं कुणी बोलत नाही. डहाणू तालुक्यासाठी जून १९९१ ची अधिसूचना आहे: तालुक्यात उद्योगांना जास्तीत जास्त ५०० एकर जमीन, भोवती २५ किलोमीटरचा संरक्षक पट्टा. फाट्यांवर ताबा ठेवणारा असा नियम फार थोड्या कॉरिडॉरच्या वाट्याला आधीपासून येतो. कंटेनर यार्ड, गोदामं, ट्रक थांबे आणि पेट्रोल पंप या ३२ किलोमीटरच्या दुतर्फा येणार. ते ५०० एकरांच्या मर्यादेत मोजले जाणार की बाहेर? त्यांना परवानगी देण्याआधी अख्ख्या जोडरस्त्याचा एकत्र हिशेब होणार, की एकेक गोदाम सुटंसुटं मंजूर होणार? चिकू बागायतदारांना आणि वारली पाड्यांना याचं लेखी उत्तर या परवानग्या निघण्याआधी मिळायला हवं.